तिसऱ्या गावचा शब्द

टेक्सास
३ मार्च २०२५

प्रिय बाय रोवेना,

देव तुला सुखात ठेवो आणि तुझा राग थोडा कमी करो. फोन का उचलत नाही म्हणून मागच्या पत्रात तू मला चांगलंच खडसावलंस. अगं, उजवा कान रिफायनरीतल्या मशिनांनी खाल्ला आणि डावा वयाने. फोनवर तू विचारतेस, "काका, जेवलात का?" आणि मी सांगतो, "मंगळवारी." त्यापेक्षा हे बरं. कुरियरने पाच-सहा दिवसांत पत्र पोचतं, आणि माझं मराठीही गंजत नाही.

आता बातमी. तुझा हा काका न्यायाला बसलाय! इथे ज्युरी असते ना, बारा माणसांची, तिच्यात माझा नंबर लागला. जन्मभर पंप दुरुस्त केले, पण खुर्चीत बसवून "मिस्टर रोनाल्ड" म्हणतात तेव्हा छाती फुगते बाय. तुझी व्हेरोनिकाकाकी म्हणते, घरी आल्यावरही मी तसाच मान ताठ करून बसतो.

केसबद्दल कोणाशी बोलू नका, कोणाला विचारू नका, असं जजसाहेबांनी बजावलंय. म्हणून मी नाव-गाव लिहीत नाही. आणि मराठीत लिहिलेलं इथे कोणाला कळणार? तू तर घरची, त्यात वकील.

एकोणीस वर्षांचा पोरगा आहे. पुरात लोकांना वाचवायला स्वयंसेवक म्हणून आपली होडी घेऊन गेला. दोन खेपांत अकरा माणसं काढली. पोलीस म्हणाले, "बस आता, पाण्याला ओढ आहे." हा ऐकेना, तिसऱ्या खेपेला गेला. लाइफ जॅकेट संपलेली. होडी उलटली, एक म्हातारी आणि चार वर्षांची मुलगी बुडाली. गुन्हा बेदरकारपणे जीव घेतल्याचा. शुक्रवारी आम्ही बाराही जणांनी त्याला दोषी ठरवलं. मीही हात वर केला.

तुला वाटेल, आता शिक्षा जज देईल. तीच तर गंमत! इथे आरोपीला आधीच विचारतात, शिक्षा जजकडून हवी की ज्युरीकडून. ह्याने ज्युरी मागितली. म्हणजे पुन्हा साक्षी होणार, ह्या वेळी त्याच्या वागणुकीच्या, त्याच्या आईच्या, मेलेल्यांच्या घरच्यांच्या. मग आम्ही बारा जण खोलीत बसून वर्षं ठरवायची. दोनपेक्षा कमी नाही, वीसपेक्षा जास्त नाही, आणि बाराही जणांचं एकमत पाहिजे. त्यात एक मेख आहे. दहा किंवा दहाच्या आत दिली तर, त्याचा हा पहिलाच गुन्हा असल्याने, 'तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली घरी ठेवा' असं आम्ही लिहू शकतो. दहाच्या वर एक वर्ष जरी गेलं, तरी सरळ तुरुंग.

पण जजसाहेबांचं अचानक ऑपरेशन निघालं आणि आम्हाला तीन आठवडे घरी पाठवलंय. मला झोप नाही. तुला आपल्या गावातल्या विहिरीचं भांडण आठवतं का? तू लहान होतीस. पंच दोन दिवस अडून बसले. मग तुझे पप्पा म्हणाले, "तिसऱ्या गावचा शब्द आणा." आपली रीतच होती ती. ज्याला ना ह्या बाजूचं सोयरसुतक ना त्या बाजूचं, पण ज्याला विषय कळतो, अशा परगावच्या नातेवाइकाचं पत्र मागवायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं. सिप्रियनमामांचं पत्र आलं, वाचलं, आणि पाच मिनिटांत भांडण मिटलं. व्हिन्सेंटदादा गेला, पण त्याची ती शहाणीव मी विसरलो नाही.

तू अशाच स्वयंसेवक पोरांची केस लढते आहेस ना, तळं राखणाऱ्या? असली पोरं आतून कशी असतात, ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? सांग मला.

तुझा,
रोनाल्डकाका

*

माणिकपूर, वसई
११ मार्च २०२५

रोनाल्डकाका,

ज्युरीत बसलेल्या माणसाने असलं पत्र लिहायचं नसतं. काय हे! जज एवढं सांगतात ते काय भिंतीला? माझं हे पत्र वाचा आणि फाडून टाका. आपल्याकडे ज्युरी कधीच मोडीत निघाली. का निघाली ते मला आज तुमच्यामुळे कळलं.

एरवी मी इथेच थांबले असते. पण तुम्ही नेमका आजचा दिवस गाठलात, आणि माझं डोकं फुटायची वेळ आली आहे. कोणाकडे तरी ओकल्याशिवाय मला अन्न जाणार नाही.

माझे दोन आरोपी तुम्हाला माहीत आहेत. जेन्सन, आपल्या गावातल्या लुईस मास्तरांचा नातू, आणि ओवी, वाडीवाल्यांची. तीन वर्षांपूर्वी तळ्यात भराव टाकणारे डंपर अडवायला ह्यांनी रस्त्यावर आडवी नायलॉनची दोरी बांधली. संध्याकाळची वेळ. डंपर आलाच नाही. स्कूटरवरून दिनानाथ नावाचा माणूस आला, त्याच्या गळ्यात दोरी बसली आणि तो जागच्या जागी गेला. त्याची बायको मंदा दर तारखेला कोर्टात येऊन पहिल्या बाकावर बसते. माझ्याकडे बघून हसते सुद्धा. मला वाटतं तिला अजून कळलेलं नाही की मी समोरच्यांची वकील आहे.

गुन्हा निष्काळजीपणाने जीव घेतल्याचा, आपल्याकडे शिक्षा फार तर दोन वर्षं. आमचा सगळा बचाव एका लाल फडक्यावर उभा आहे. दोरीला लाल फडकं बांधलं होतं, लांबून दिसेल असं, म्हणजे पोरांनी काळजी घेतली होती, चूक गाडी चालवणाऱ्याची. पोलिसांच्या पंचनाम्यात फडकं आहे. पंचाकडून ते उलटतपासणीत मी वदवून घेतलं. वर्षभर मी त्या फडक्यावर घाम गाळलाय, काका!

आणि काल ओवी रडत आली. फडकं नव्हतंच. माणूस पडला, मेला, आणि मग जेन्सनने आपल्या बॅगेतलं फडकं काढून दोरीला बांधलं. दिनानाथ शेजारी पडलेला असताना. ओवी मोबाइलचा उजेड धरून उभी होती. मग त्यांनी पोलिसांना फोन केला. आणि हे मला कधी सांगतायत, तर युक्तिवाद तोंडावर आलेला असताना!

तुम्ही विचारलंत, असली पोरं आतून कशी असतात. सांगते. वरून समाजसेवा, आतून 'मी, मी, मी'. टोपी घालायची, फोटो काढायचे, आणि अंगाशी आलं की प्रेताशेजारी उभं राहून फडकं बांधायचं. ह्यांना दोन वर्षांनी काही होत नाही. दहाच्या आत द्याल तर हसत घरी येईल तुमचा होडीवाला, आणि पुढच्या पुरात पुन्हा होडी काढेल. मला विचाराल तर दहाच्या वर द्या, म्हणजे घरी जायची वाटच नको. बारा द्या. भोगू दे जरा.

हुश्श. आता बरं वाटलं. पत्र फाडा. मी केस सोडणार नाही, फडकंही सोडणार नाही. वकील आहे, फादर नाही.

व्हेरोनिकाकाकींना सांगा, उपवासकाळात मी मासे सोडलेत. स्वभाव सोडणं जमलं नाही.

रोवेना

*

टेक्सास
२७ मार्च २०२५

प्रिय बाय रोवेना,

झालं. मंगळवारी, पंचवीस तारखेला, शिक्षा सुनावली. बारा वर्षं.

आता केस संपली, तेव्हा नाव सांगायला हरकत नाही. पोराचं नाव कोल्टन. खोलीत आम्ही सकाळी नऊला बसलो. पहिल्यांदा चिठ्ठ्या टाकल्या. पाच जण आठ वर्षं आणि घरी देखरेख ह्या मताचे, त्यात मी होतो. सात जण पंधरा म्हणत होते. दुपार झाली तरी कोणी हलेना. एक शिक्षिका होती, ती म्हणत होती, "मला माझ्या मुलाच्या वयाचं पोर दिसतं, मी तुरुंगात नाही पाठवणार." समोरचा दुकानदार टेबलावर मूठ आपटत होता. भांडण विहिरीच्या भांडणासारखंच, फक्त इंग्रजीत.

तेव्हा मला दादाची आठवण झाली. मी उभा राहिलो. म्हणालो, "माझ्या पुतणीचं पत्र आहे. ती भारतात वकील आहे, अशाच स्वयंसेवक पोरांची बाजू लढते. ती ना ह्या पोराला ओळखते ना तुम्हाला. तिचं ऐका." आणि खिशातून तुझं पत्र काढून ओळ न् ओळ इंग्रजीत सांगत गेलो. फाडायला सांगितलं होतंस, पण शहाण्या माणसाचं अक्षर फाडवत नाही गं.

मेलेल्या माणसाशेजारी फडकं बांधल्याचं आलं तेव्हा दुकानदाराने मला ती ओळ पुन्हा सांगायला लावली. ती शिक्षिका म्हणाली, "त्यांची बाजू लढणारी बाई असं म्हणते?" मी म्हणालो, "हो." तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "मग मी कोण जास्त दया दाखवणारी?" अर्ध्या तासात बाराही जण बारावर आले. दुकानदार पंधरावरून खाली आला, आम्ही आठवरून वर गेलो. तुझाच आकडा.

निकाल वाचला तेव्हा कोल्टन बसल्या जागी लहान मुलासारखा मागे वळून आईला शोधायला लागला. ती नेमकी बाहेर पाणी प्यायला गेली होती. ते मला आवडलं नाही.

पण बाय, बारा माणसं अडली होती आणि तुझ्या शब्दाने सुटली. दादा असता तर त्याने आख्ख्या गावाला सांगितलं असतं.

तुझा,
रोनाल्डकाका

*

माणिकपूर, वसई
३ एप्रिल २०२५

काका,

तुमचं पत्र ऑफिसात उघडलं. काय केलंत हे! काय करून बसलात! मी रागात लिहिलेलं, भांडं आपटावं तसं लिहिलेलं, आणि तुम्ही ते बारा माणसांसमोर वाचलंत?

एका पोराची बारा वर्षं गेली, काका, माझ्या एका वाईट दिवसामुळे. पाच जण त्याला घरी पाठवणार होते!

दोन रात्री मी तिकडचा कायदा वाचला, तिकडे वकिली करणाऱ्या एका मैत्रिणीला नाव न घेता विचारलं. ऐका. खोलीत काय बोलणं झालं ते एरवी ज्युररला कोर्टात सांगता येत नाही. तुम्ही कितीही मूर्खपणा केलात तरी तो त्या खोलीतच राहतो. अपवाद एकच महत्त्वाचा. बाहेरच्या कोणी ज्युरीवर वजन टाकलं असेल, तर ते सांगता येतं. तो बाहेरचा कोणी म्हणजे मी. माझं पत्र पुढे आलं, तर शिक्षेची सुनावणी पुन्हा होऊ शकते. पण अर्ज शिक्षेपासून तीस दिवसांत पडला पाहिजे. म्हणजे चोवीस एप्रिल. त्यानंतरही वाटा असतात, पण त्या वर्षानुवर्षांच्या, आणि पोरगा तोवर आतच.

तर असं करा. माझं मूळ पत्र मला पाठवा. ते माझंच आहे असं मी प्रतिज्ञापत्र करते, नीट इंग्रजी करते, आणि दोन्ही मीच त्याच्या वकिलाला पाठवते. तुम्ही मध्ये धावपळ करू नका, तुमच्याकडून अजून काहीतरी होईल. वकिलाला फोन करू नका. झेरॉक्स काढू नका. त्या पत्रात माझ्या आरोपींनी मला विश्वासाने सांगितलेलं आहे. ते मी कोणाला सांगणं हाही गुन्ह्यासारखाच प्रकार आहे, माझी सनद जाईल. म्हणून कागद एकच असू दे आणि तो माझ्याकडे असू दे.

आमचा युक्तिवाद झाला. निकाल पंचवीस तारखेला आहे. जेन्सनला बोटीवर नोकरी लागते आहे, निर्दोष सुटला तर. ओवीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष.

माझ्यावर रागावू नका. मीही तुमच्यावर रागावलेली नाही, म्हणजे रागावले आहे, पण नंतर बघू.

रोवेना

*

टेक्सास
९ एप्रिल २०२५

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचून व्हेरोनिकाने माझ्यासमोर ताट आदळलं. म्हणाली, "गावची रीत इथे आणलीस? त्या पोराच्या आईला जाऊन सांग तुझी रीत." मी कन्फेशनला गेलो. फादर म्हणाले, देव माफ करेल, पण जज करतीलच असं नाही. मला कोर्टाची आज्ञा मोडल्याबद्दल बोलावतील. बोलावू देत. सदुसष्टाव्या वर्षी मला काय मिरवायचंय?

त्याच्या आईला काल सुपरमार्केटात पाहिलं. मला वाटलं ओळखणार नाही. तिने ओळखलं. ट्रॉली घेऊन माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही कोपऱ्यातले ना? साक्षीच्या वेळी तुम्ही एकटेच डोळे पुसत होता. थँक यू." मी उभ्या उभ्या मेलो. हातातली अंडी तिथेच ठेवून घरी आलो.

आमच्या खोलीत काय झालं ते मी माझ्या हाताने लिहून, सही करून, नोटरीसमोर पक्कं केलंय. ते आणि तुझं मूळ पत्र ह्या पाकिटात आहे. झेरॉक्स काढलेली नाही, तू म्हणालीस म्हणून. व्हेरोनिका म्हणत होती, काढ. मी म्हणालो, माझ्या दादाची पोर आहे ती.

त्याच्या वकिलाचं नाव-पत्ता मागच्या पानावर आहे. मी त्याच्याकडे गेलेलो नाही. खरं सांगू? दारापर्यंत जाऊन आलो. पण त्यात तुझं नाव आहे, तुझ्या पोरांचं गुपित आहे. ते तुझ्या मर्जीवाचून उघडं करायचा मला अधिकार नाही. एकदा केलं तेवढं पुरे.

मला कळतं गं, मी बहिरा आहे, बावळट नाही. हे पत्र तिकडे फुटलं तर तुझं फडकं फाटतं. जेन्सन आणि ओवी दोन वर्षं आत जातील, फार तर. पण इकडे बारा आहेत. ताजवा तुझ्या हातात आहे. तू योग्य ते करशील.

फक्त चोवीस तारखेच्या आत, बाय.

रोनाल्डकाका

*

माणिकपूर, वसई
२८ एप्रिल २०२५

रोनाल्डकाका,

ईस्टरच्या शुभेच्छा उशिरा देते आहे. कसं लिहू कळत नाही. तुमचं पाकीट माझ्या हातात शनिवारी, सव्वीस तारखेला पडलं. मुंबईत कस्टमने अडकवलं म्हणे, मग पवित्र आठवड्याच्या सुट्ट्या, मग आमचा तो नेहमीचा कुरियरवाला गावी गेलेला. मी रोज चौकशी करत होते. दोन दिवस, काका, फक्त दोन दिवस! देवाच्या मनात नव्हतं, दुसरं काय म्हणू. आता कागद पाठवून त्या पोराला उपयोग नाही, आणि तुम्हाला उगाच त्रास. म्हणून मी ते माझ्याकडेच जपून ठेवते.

इकडची बातमी चांगली आहे. पंचवीसला निकाल लागला. दोघंही निर्दोष. न्यायाधीशांनी फडक्याचा तीनदा उल्लेख केला, 'आरोपींनी पुरेशी खबरदारी घेतल्याचे दिसते' असे शब्द आहेत. गावाने फटाके लावले. रविवारच्या मिस्सानंतर फादरांनी दोघांना पुढे बोलावलं, तळ्याच्या राखणदारांसाठी टाळ्या वाजवल्या. लुईस मास्तर माझ्या पाया पडायला लागले, ऐंशी वर्षांचा माणूस! जेन्सन पुढच्या महिन्यात बोटीवर जातो. त्याने मला पेढे आणून दिले आणि म्हणाला, "मॅडम, आता दुसऱ्या तळ्याचं बघायचं का?" मी त्याच्या थोबाडीत मारायची राहिले.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण तुमच्याशिवाय कोणाला सांगणार. निकालानंतर मी खाली आले तर मंदाबाई जिन्यापाशी थांबली होती. मला वाटलं शिव्या देईल. तिने माझा हात धरला. म्हणाली, "बाई, तुमी शिकलेल्या. मला एकच सांगा. जजसायेब म्हनले लाल फडकं व्हतं. मंग ह्यांना दिसलं कसं न्हाय? डोलं चांगलं व्हतं वो त्यांचं. त्या दिवशी पन सुईत दोरा ओवून दिला व्हता मला."

मी म्हणाले, "संध्याकाळ होती, बाई." ती मान हलवून म्हणाली, "व्हय. मंग त्यांचीच चूक." आणि गेली. तीन वर्षं ती हेच विचारायला पहिल्या बाकावर बसत होती, आणि आता ती घरी जाऊन नवऱ्याच्या फोटोला बोल लावणार. ते उत्तर तिला मी दिलं.

असो. सुटलेली पोरं सुटली. आपण दोघांनी आता हा विषय बंद करू या. काकींना नमस्कार.

रोवेना

*

टेक्सास
६ मे २०२५

रोवेना,

दोघं सुटले, अभिनंदन. दादाला अभिमान वाटला असता, असं लिहायला बसलो होतो, पण हात पुढे जाईना.

तुला माहीत नसेल, कुरियर कंपनी आता पाकीट पोचलं की पाठवणाऱ्याच्या मोबाइलवर निरोप टाकते. सोबत सहीचा फोटो असतो. पंधरा एप्रिल, मंगळवार, दुपारी बारा चाळीस, माणिकपूर. खाली तुझी सही. तुझ्या 'र'ची शेपटी दादाच्या 'र'सारखीच लांब आहे, मी चुकणार नाही. व्हेरोनिकाने चष्मा लावून तीनदा बघितला. ती म्हणाली, "नऊ दिवस आहेत हातात, देवा, पोहोचलं." आम्ही दोघांनी त्या दिवशी मेणबत्ती लावली.

मग मी वाट बघत बसलो. रोज कोर्टाच्या आवारात जाऊन बाकावर बसायचो. सोळा गेली, अठरा गेली, गुड फ्रायडे गेला, ईस्टर गेला. बावीसला मला कळून चुकलं होतं. खरं तेच लिहितो, तू एकटीच नाहीस. बावीसला मी त्याच्या वकिलाकडे जाऊ शकत होतो. माझ्या तोंडाने, कागद नसता तरी. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. मनात म्हणत होतो, पाठवलं असेल तिने, मी कशाला मध्ये पडू. चोवीसला संध्याकाळी पाच वाजता कोर्टाचा दरवाजा लागला, आणि बाय, मला सुटल्यासारखं वाटलं. असा मी माणूस.

कोल्टनला तुझ्या पोरांच्या फडक्याची शिक्षा झाली, आणि तुझी पोरं त्याच फडक्यावर सुटली. सदुसष्ट वर्षांत इतका चोख हिशेब मी पाहिला नव्हता.

मी त्याला तुरुंगात चार ओळी लिहिल्या होत्या, मी ज्युरीत होतो एवढंच सांगून. काल त्याचं उत्तर आलं. पेन्सिलने लिहिलंय, अक्षर शाळेतल्या मुलासारखं. लिहितो, "सर, माझे वकील म्हणतात वीस वर्षंही झाली असती. कोणीतरी खोलीत माझ्या बाजूने बोललं असणार, म्हणून बारावर आलं. ते तुम्हीच असणार असं आई म्हणते. मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करतो. ज्या कोणी तुम्हाला दया दाखवायला शिकवलं, त्यांच्यासाठीही करतो."

त्याला काय उत्तर लिहू, ते तू कळव. तुझं पत्र ह्या वेळी मी कोणाला वाचून दाखवणार नाही.

रोनाल्ड